साहेबदेवाची खोळ

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला हसायचं असेल तर त्याने आत्ताच हसून घ्यावं. पाल, वीज, एस.टी.चा तरणा ड्रायव्हर, कुकरची तिसरी शिटी, सगळ्यांना मी भिते. आमचे हे म्हणतात, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि तुझ्यामागे तर तो सहकुटुंब सहपरिवार लागलाय."

त्याला कारण आहे. माझं बालपण दारूगोळ्याच्या डेपोशेजारच्या वसाहतीत गेलं. वडील तिथे कारकून होते. वसाहतीच्या फाटकाला, शाळेच्या भिंतीला, किराणा दुकानाच्या दारालासुद्धा पत्र्याच्या पाट्या ठोकलेल्या असत. पाटीवर लोखंडी वस्तूंची चित्रं आणि खाली लाल अक्षरांत सूचना: अशी वस्तू दिसल्यास हात लावू नये, दूर जावे, कळवावे. इतर मुलं बाराखडी शिकली तशी मी ती चित्रं शिकले. लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. इथे कापूस, जिनिंग आणि बाजार. या गावात फार तर पोळ्याला बैल उधळेल, दुसरं काही अंगावर येणार नाही.

आमचे हे, म्हणजे चारुदत्त, मोजणी खात्यात होते. साखळी घेऊन डोंगर-दऱ्या पालथ्या घालत असताना त्यांना सावळदरीच्या बंजारा तांड्यामागच्या टेकडीवर साहेबदेव सापडला. दुसऱ्या महायुद्धात, ऐन पावसाळ्यात, इंग्रजांचं एक बॉम्बफेकी विमान त्या टेकडीवर आदळलं होतं. आतले सातही जण गेले. सरकारी माणसं चिखल तुडवत चार-पाच दिवसांनी आली, तोवर तांड्यातल्या बायांनी सात जणांवर आपल्या ओढण्या घालून कोल्ह्याकुत्र्यांना हाकललं होतं. सरकारने मृतदेह नेले, भंगार नेलं. त्यानंतर टेकडीवर एक लोखंडी खांबासारखी वस्तू चिखलात सरळ उभी रुतलेली लोकांना दिसली. सगळं विमान जळालं आणि हे एवढं उभं राहिलं, म्हणजे यात काहीतरी आहे, असं तांड्याने ठरवलं. त्याला शेंदूर लागला, भोवती ओटा झाला आणि साहेबदेव झाला. कुणी म्हणे ते विमानाचं काळीज. हे म्हणत, इंजिनचा तुकडा असावा. साठ वर्षांच्या शेंदराखाली काय आहे, हे खरवडून बघायची कुणाची छाती होती?

"या भागात साहेब मेला की देव होतो," हे म्हणायचे. "जिवंत साहेबाला चहासुद्धा गरम मिळत नाही."

निवृत्त झाल्यावर ह्यांनी एकच ध्यास घेतला. त्या सात जणांची नावं शोधायची आणि तिथे स्मारकाचा दगड बसवायचा. परदेशात विचारून विचारून नावं मिळवली. ती काळ्या पाषाणावर मराठीत आणि इंग्रजीत कोरून घेतली. आणि सगळ्यात खाली, पाथरवट नको नको म्हणत असताना, एक ओळ वाढवली: कृपया शेंदूर लावू नये.

"ही माणसं आहेत, सुहास," हे मला म्हणाले. "त्यांना आई-बाप होते, नावं होती. देव केलं की माणूस पुसला जातो. नावं वाचता आली पाहिजेत."

यावरून ह्यांचं आणि मानीबाईचं जुंपलं होतं. मानीबाई म्हणजे साहेबदेवाची सगळी व्यवस्था बघणारी तांड्यातली बाई, साठीच्या पुढची, काटक. तिने दगड बघितला, कुणाकडून तरी ती शेवटची ओळ वाचून घेतली आणि म्हणाली, "मोजणीसाहेब, बिनशेंदराचा दगुड कोनाचं ऐकन? मले नावं नाई पायजेत. मले राखन पायजे."

मानीबाईला राखण कशाची हवी होती ते सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिचीच आहे.

ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि रोज एकाच कारणासाठी. गाड्या यायच्या, माणसं उतरायची, विधवेच्या घरासमोर फोटो काढून पुढच्या गावाला जायची. तांड्याचा नायक गुलाबसिंग, त्याचा धाकटा भाऊ फवारणीचं औषध पिऊन गेला. त्यानंतर आठवड्याभरात मानीबाईने आपल्या घरातला औषधाचा डबा उचलला, डोक्यावर घेतला आणि टेकडी चढून साहेबदेवाच्या ओट्यावर नेऊन ठेवला. तिला धास्ती तिच्या मुलाची होती. देवसिंगाचा आधी दोन वर्षं कापूस गेला, तिसऱ्या वर्षी भाव गेला, मग त्याचं बोलणं गेलं. जेवायला बोलावलं तर उठायचा, नाही बोलावलं तर तसाच बसून राहायचा.

मानीबाईचं पाहून एकेक बाई आपला डबा वर नेऊ लागली. मग त्याची रीतच पडली. फवारणीचं औषध घरात ठेवायचं नाही, साहेबदेवापाशी ठेवायचं. पुरुषाला लागलं तर त्याने बायको किंवा आईला सोबत घेऊन वर जायचं, पंपापुरतं घ्यायचं, उरलेला डबा परत जागेवर ठेवायचा आणि देवाला हात लावून सांगायचं की ठेवला. कुलूप नाही, चौकीदार नाही. तरी त्या डब्यांना एकट्याने हात लावायची कुणा बाप्याची हिंमत झाली नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवसापासून सावळदरीत कुणी गेलं नव्हतं.

स्मारक बसवायचा दिवस ठरला तो सीतादहीचा. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही. सावळदरीत आधी साहेबदेवाला आणि मग शेतात, असा क्रम. हे म्हणाले, सगळा तांडा वर जमलेलाच असतो, त्यातच आपला दगड बसवू.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दगड टेम्पोतून उतरवून तांड्याच्या चावडीपुढे, लिंबाखाली, पोत्यावर आडवा ठेवला होता. पूजा झाली की आठ-दहा गडी तो वर नेणार होते. खड्डा आदल्या दिवशीच खणून झाला होता. मी धापा टाकत टेकडी चढले. ओट्यावर देव उभा, माझ्या कमरेच्या वर येईल एवढा, शेंदराने गुबगुबीत झालेला. त्याच्या एका बाजूला डबे ओळीने मांडलेले. दुसऱ्या बाजूला, अगदी हातभर अंतरावर, तो खड्डा. आणि गवंड्याने आपली पहार चक्क देवालाच टेकवून ठेवली होती.

"अहो, इतक्या जवळ खणलंत?" मी ह्यांना म्हटलं.

"दुसरीकडे सगळा खडक आहे. काल दिवसभर पहार चालवली बिचाऱ्याने, देव नुसता गदगदा हलत होता," हे हसून म्हणाले.

बायका दहीभाताच्या वाडग्यांवर पदर धरून बसल्या होत्या. पुरुषांपैकी निम्मे कानाला मोबाइल लावून उभे, कारण सगळ्या सावळदरीत रेंज यायची ती फक्त साहेबदेवापाशी. मानीबाईने तेल-शेंदूर कालवून वाटी तयार ठेवली होती. तिच्या मागे देवसिंग उकिडवा बसला होता, मान खाली घालून. मी म्हटलं, "देवसिंग, कसा आहेस बाबा?" त्याने मान हलवली. ती होय म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

गुलाबसिंगाने नारळ फोडला. नेहमीसारखाच, देवाच्या पायाशी असलेल्या दगडावर, चांगला हात उगारून. फट् आवाज झाला आणि त्यामागोमाग दुसरा एक आवाज आला, भिंतीचा पोपडा सुटावा तसा. देवाच्या अंगावरचा शेंदूर वरपासून खालपर्यंत तडकला, एक मोठं ढलपं सुटलं आणि ओट्यावर आपटून फुटलं.

 मग एकच गलका झाला. "देवानं खोळ टाकली! खोळ टाकली!" बायांनी पदर पसरले, खोळीचे तुकडे उचलून कपाळाला लावायला सुरुवात केली. शेंदराची खोळ देव आपणहून टाकतो तेव्हा तो नवा होतो, गावावरचं संकट घेऊन जुनी कातडी सोडतो, अशी समजूत आहे. गुलाबसिंगासारखा दांडगा माणूस डोळे पुसत होता. मानीबाईने देवसिंगाचा हात धरून त्याला पुढे ओढलं. "पाह्य, पाह्य बेटा, गेली पीडा," ती म्हणत होती, आणि त्याचा तळवा तिने त्या उघड्या लोखंडावर दाबून धरला.

मी त्या लोखंडाकडे बघत होते.

गोल, गुळगुळीत, गंजलेलं अंग. वर निमुळतं होत गेलेलं. मधोमध एक पट्टा. आणि पट्ट्याच्या जागी एक जाड लोखंडी कडी, अंगालाच जोडलेली.

ती कडी मला पाठ होती. शाळेच्या भिंतीवरच्या पाटीत, डावीकडून दुसरं चित्र. आमच्या बाई छडीने दाखवायच्या आणि विचारायच्या, ही कडी कशाला? आम्ही एका सुरात ओरडायचो, विमानाला लटकवायला!

  मला ओरडायचं होतं आणि तोंडातून नुसती हवा येत होती. मी ह्यांचा सदरा धरून ओढला. "अहो, ते इंजिन नाही," मी म्हटलं. "ते इंजिन नाही हो. बॉम्ब आहे. आख्खा आहे."

हे माझ्यावर हसायला लागले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या कडीकडे पाहिलं, आणि ह्यांचं हसू तिथेच विरलं. बत्तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"कुणीही धक्का देऊ नका," हे हळू म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "सगळे खाली चला. काही विचारू नका. खाली चला."

कोण ऐकतंय! बाया खोळीचे तुकडे गोळा करत होत्या. कुणीतरी कापूर पेटवला होता. मला त्या ताटातली ज्योत दिसली, शेजारचे औषधाचे डबे दिसले, देवाला टेकवलेली ती पहार दिसली, आणि मग कुठून आवाज आला देव जाणे, मी किंचाळले. "बॉम्ब आहे तो! फुटेल! पळा!"

मग मात्र पळापळ झाली. दहीभात सांडला, चपला राहिल्या. बाया नातवंडांना काखेत मारून उताराने धावत सुटल्या. मीही पळाले असते. पण हे मोबाइल काढून उभे राहिले. पोलिसांना कळवायला हवं होतं आणि रेंज फक्त देवापाशी. मी म्हटलं, खाली चला, दिग्रसला जाऊन सांगू. हे म्हणाले, तोवर कुणी वर चढलं तर? आणि त्या लोखंडापासून चार हातांवर उभं राहून ह्यांनी ठाण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस तीन-तीनदा विचारत होता, "कोणाचा देव? कोणता बॉम्ब?" मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते आणि निम्म्यातच विसरत होते.

ओट्यावर मानीबाई अजून बसूनच होती. गुलाबसिंग तिला हाताला धरून उठवत होता.

"अवं माय, उठ नं. बाई सांगून राह्यल्या न, फुटन म्हनून."

"साठ वरसं नाई फुटला," ती म्हणाली. "ह्याच्यावर आमी तेल ओतलं, नारळ फोडले. माह्या लगनात मी ह्याले कवटाळून रडली. कायले फुटते?"

"मानीबाई, तो देव नाही," मी कशीबशी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचा बॉम्ब फुटला तं एकडाव फुटन. माह्या घरी जो हाय थो रोज फुटाले पाह्यते."

 भीतीने माझी अक्कल गहाण पडली होती. मला त्या क्षणी एकच दिसत होतं, ते ओळीने मांडलेले डबे. ते औषध पेट घेतं हे मला ठाऊक होतं. मी गुलाबसिंगाला म्हटलं, "आधी ते डबे हलवा. भडका उडाला तर टेकडीसकट जाऊ. ज्याचा त्याने उचला आणि घेऊन जा इथून!"

हे मी म्हटलं. पोलिसांनी नाही, ह्यांनी नाही, मी.

गुलाबसिंगाने खाली हाक मारली. पुरुष भीत भीत परत वर आले, प्रत्येकाने आपापला डबा ओळखून उचलला आणि जपून पावलं टाकत खाली नेला. घाईत कुणी आईला सोबत घेतलं नाही, कुणी देवाला हात लावून सांगितलं नाही. मानीबाई ते बघत बसली होती. शेवटी देवसिंगाने आपला डबा उचलला तेव्हा ती एकदम उठली, पण तोवर तो उतारावरच्या गर्दीत मिसळला होता.

ठाण्याची जीप आली. जमादार टेकडीच्या पायथ्याशीच थांबले, दुर्बिणीतून वर पाहिलं आणि घाम पुसला. बॉम्ब निकामी करणारं पथक उद्या येईल, तोवर टेकडीवर चिटपाखरूही जाता कामा नये, असं त्यांनी सांगितलं. दोन शिपाई वाटेवर बसवले. तांडा टेकडीपासून लांब होता, त्याला धोका नव्हता. लोकांनी चावडीपुढे गर्दी केली. जो तो सांगत होता की मी त्या देवावर कसा चढलो होतो, माझ्या बापाने त्याला बैल कसा बांधला होता. भीती सरली की माणसाला बडबड सुटते. कुणीतरी मला चहा आणून दिला. "बाई नसत्या तं आज सारे गेलो असतो," बाया म्हणत होत्या. मी घाबरट आहे म्हणून आज एवढी माणसं वाचली, या विचाराने मला जरा बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मानीबाई गर्दीतून वाट काढत आली. तिच्या हातात अजून शेंदराची वाटी होती. तिने मला विचारलं, "बाई, देवसिंग कुठं गेला?"

"असेल इथेच," मी म्हटलं.

"घरी नाई. चावडीत नाई. डबा त्याच्यापाशीच हाय."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. मी आजूबाजूला पाहिलं आणि तेव्हा मला दिसलं. प्रत्येक दारात, प्रत्येक ओसरीवर एकेक डबा होता. खाटेखाली, चुलीच्या भिंतीशी, बाजेच्या पायाशी. दोन वर्षं ज्या बायांनी ते विष डोक्यावर वाहून घराबाहेर काढलं होतं, ते एका सकाळी मी घराघरांत परत पाठवलं होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बॉम्ब पाहून मी घाबरले ती भीती अंगावर आली होती आणि गेली. ही आत उतरली आणि तिथेच बसली.

"चला," मी मानीबाईला म्हटलं. ह्यांना सांगायलाही थांबले नाही.

तिचं शेत नाल्यापलीकडे. आम्ही दोघी पळतच निघालो. मी आयुष्यात कधी एवढी पळाले नाही. मानीबाई हाका मारत होती, "देवसिंग! ए देवसिंग!" आणि प्रत्येक हाकेनंतर थांबून ऐकत होती. उत्तर येत नव्हतं. कापूस बोंडातून फुटून पांढरा झाला होता, वेचायला तयार. एरवी मला तो बघून बरं वाटतं. त्या दिवशी झाडांच्या ओळींमध्ये कुठे माणूस आडवा दिसतो का, तेच मी बघत होते. एका ओळीत काहीतरी निळं दिसलं आणि मी मटकन खालीच बसले. ते पाण्याचं रिकामं पिंप होतं.

"उठा बाई," मानीबाई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "गुलाबसिंगाचा भाऊ बी असाच गेलता. पाठमोरा. कोनाले न सांगता."

मी मनात साहेबदेवाला नवस बोलले. बॉम्बला! बोलले खरी. सातांपैकी ज्याला ऐकू येत असेल त्याने ऐकावं म्हटलं.

देवसिंग पलीकडच्या धुऱ्यावर सापडला. बोरीच्या झाडाखाली पाठमोरा बसला होता. समोर डबा होता. आम्हाला त्याच्या पाठीवरून काहीच कळेना. मानीबाई पाच पावलांवर थिजून उभी राहिली. मुलाच्या तोंडाकडे जाऊन बघायची तिची हिंमत होईना. शेवटी मीच पुढे गेले. मी, पालीला भिणारी.

डब्याचं झाकण बंद होतं. देवसिंगाने दोन्ही हात आपल्या काखेत घट्ट दाबून धरले होते, थंडी वाजल्यासारखे.  तो डब्याकडे बघत होता, साप समोर असल्यावर माणूस बघतो तसा, नजर न हलवता.

"देवसिंग," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. किती महिन्यांनी कोण जाणे, तो बोलला. "काकू, घरी नेऊ नाई शकत. नेलं तं..."  मग त्याने मला विचारलं, "आता कुठं ठेवू?"

मला वाटत होतं की राखण बायांना हवी आहे. रोज रात्री स्वतःच्याच हातांना भिणारा हा माणूस त्या देवाच्या भरवशावर झोपत होता, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मानीबाईच्याही आलं नसावं. ती येऊन त्याच्या शेजारी बसली आणि त्याचे काखेतले हात एकेक करून सोडवू लागली.

मी डबा उचलला. आम्ही तिघं परत निघालो.

चावडीपुढे हे एकटेच बसले होते, पोत्यावर आडव्या पडलेल्या त्या दगडाशेजारी. मी जे पाहिलं ते धापा टाकत सांगितलं. घराघरांतले डबे, धुऱ्यावरचा देवसिंग, त्याचा प्रश्न. हे ऐकत राहिले. मग त्यांनी गुलाबसिंगाला हाक मारली.

"दगड उभा करा."

"इथं? टेकडीवर नाई?"

"इथेच. लिंबाखाली. आत्ता."

गडी जमले. गवंड्याने खड्डा घेतला, दगड उभा केला, मातीत ठोकून बसवला. सात नावं दिवसाच्या कलत्या उन्हात स्पष्ट दिसत होती. बाया लांब उभ्या होत्या. त्यांच्या दृष्टीने तो नुसता लिहिलेला दगड होता. देवसिंगही उभाच होता, डबा माझ्या हातातून घेऊन, कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत.

ह्यांनी मानीबाईपुढे हात केला. "वाटी द्या."

तिला कळेना. मी तिच्या हातातली शेंदराची वाटी काढून ह्यांच्या हातात दिली. हे गुडघे टेकून बसले, अंगठा शेंदरात बुडवला आणि सगळ्यात आधी खालच्या ओळीवर फिरवला. कृपया शेंदूर लावू नये. ती ओळ गेली. मग एकेक नाव. हॅरल्ड गेला, मॅकेन्झी गेला. ज्या नावांसाठी ह्यांनी म्हातारपण घातलं होतं ती ह्यांच्याच अंगठ्याखाली बुजत होती. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. शेवटच्या नावापाशी ह्यांचा हात थांबला.

"हा एकोणीस वर्षांचा होता," हे म्हणाले. "मागे बसायचा, एकटा. विमानाच्या शेपटाकडे."

मानीबाई दगडाजवळ आली, वाकून त्या नावाकडे बघत राहिली. तिला ते वाचता येत नव्हतं.

"भेत असन लेकरू," ती म्हणाली. मग ह्यांच्या वाटीत स्वतःचं बोट बुडवून तिने त्या नावावर शेंदूर ओढला, मुलाच्या गालाला तेल लावावं तसा. "असू द्या मोजणीसाहेब. शेंदराच्या आत असतेच न माणूस."

देवसिंग पुढे झाला. त्याने डबा दगडाच्या पायाशी ठेवला. ओल्या शेंदरावर तळवा टेकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ठेवला."

घराघरांतून बाया डबे घेऊन निघाल्या. मी लिंबाला टेकून उभी होते. उद्या टेकडीवर काय होईल, हा शेंदूर किती दिवस पुरेल, काही सांगता येत नव्हतं. देवसिंग आपल्या लाल तळव्याकडे बघत होता. मग त्याने आईकडे पाहिलं.

"याडी," तो म्हणाला, "भूक लागली."